घट्ट आवळूनही गळतं, ते कुठून?

ब्रेकचा नवा पाइप बसवला, ऑइल भरलं, हवा काढली आणि जोडावर पुन्हा ओल दिसली, की गॅरेजमध्ये पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "अजून एक घेर मार." पाना लागतो, नट आणखी थोडा फिरतो, ओल काही थांबत नाही. मग कुणीतरी नळदुरुस्तीचा टेफ्लॉन टेप काढतो. इथून पुढे प्रकरण बिघडतच जातं. हे दोन्ही उपाय आट्यांवरचे आहेत, आणि ब्रेकच्या पाइपात आट्यांनी ऑइल अडवलेलंच नसतं.

आट्यांचं काम फक्त दाबून धरायचं. ऑइल अडतं ते त्यांच्या पुढे, पाइपचं फुलवलेलं तोंड समोरच्या सीटवर जिथं टेकतं तिथं. धातूवर धातू, मध्ये ना रबर ना डिंक. घरातल्या पाण्याच्या पाइपांचे आटे निमुळते असतात, ते एकमेकांत रुततात, उरलेल्या फटी टेप भरतो. म्हणून तिथं तो चालतो. ब्रेकचे आटे सरळ असतात. त्यांवर टेप गुंडाळला तर सीटमधून निसटलेलं ऑइल बाहेर यायला थोडा उशीर लागतो, एवढंच. आणि त्या उशिरालाच लोक दुरुस्ती समजतात. शिवाय टेपचे तुटलेले धागे ऑइलबरोबर वाहत जाऊन मास्टर सिलिंडरच्या किंवा एबीएसच्या बारीक छिद्रांत अडकू शकतात. एम-सील, रंग, थ्रेडला लावायचे द्रव यांची गत वेगळी नाही.

या जोडावर किती ताण येतो त्याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. टायरमध्ये आपण 30 ते 33 पीएसआय हवा भरतो. आता समजा पेडलवर पायाने 20 किलोचा जोर दिला. पेडल म्हणजे तरफ. चारास एक धरली तर पुढे 80 किलो पोचले. व्हॅक्यूम बूस्टरने त्याचे तिप्पट केले, 240 किलो. मास्टर सिलिंडरचा पिस्टन 20 मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटरच्या जरा वर. म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला 75 किलोच्या घरात, हजार पीएसआयच्या वर. समोर म्हैस आली आणि जीव खाऊन ब्रेक दाबला, तर याहूनही पुष्कळ जास्त. टायरच्या तीसपट दाबाला पाइपच्या तोंडाची ती बारीकशी कडा अडवून धरते. तिच्यावर केसाएवढा ओरखडा असेल तर तो नुसता दिसत नाही, गळतो.

आणि यात ऑइल असतं ते किती थोडं! याच 20 मिलिमीटरच्या पिस्टनच्या हिशोबाने, एका दाबात 1 सीसी ऑइल बाहेर गेलं तर पिस्टन 3 मिलिमीटर जास्त सरकतो आणि पेडल 12-13 मिलिमीटर जास्त खाली जातं. वीस थेंबांचा 1 सीसी होतो. मात्र गळती थेंबाथेंबाची असेल तर पेडल सुरुवातीला काहीच तक्रार करत नाही, कारण पाय उचलला की वरची टाकी भरपाई करते. टाकीतली पातळी छिद्राखाली गेली की मग एकदम हवा शिरते. आजच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर दुहेरी असतो, दोन चाकं गेली तरी उरलेली दोन थांबवतात. पण ती कसं थांबवतात हे घाटात उतरताना शिकायची गोष्ट नाही.

ऑइलच्या ब्रेकबद्दलचा हा अविश्वास तसा जुना. माल्कम लॉकहीड यांनी 1917च्या सुमारास चार चाकांच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं, 1921मध्ये अमेरिकेतल्या ड्युझेनबर्ग गाडीत ते आले. सुरुवातीची सीलं चामड्याची होती आणि ती गळायची. 1924च्या क्रायस्लर गाडीसाठी तिथल्या इंजिनिअरांनी रबरी कप बसवले, तेव्हा कुठे हा प्रकार भरवशाचा झाला. तरी हेन्री फोर्ड हटून बसले. फोर्डच्या गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक यायला 1939चं मॉडेल उजाडावं लागलं. तोवर सळ्या आणि केबल. म्हातारबुवांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं: सळी गळत नाही.

आता बाजारातून आणलेल्या पाइपांकडे येऊ, कारण कंपनीच्या जोडांपेक्षा गळतीचं दुखणं तिथं जास्त. मूळ पाइप त्याच गाडीच्या सीटसाठी घडवलेला असतो. बाहेरचा पाइप, निदान स्वस्तातला, "सगळ्यांना बसतो" म्हणून विकला जातो, आणि बसणं व अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाइपच्या तोंडाचे मुख्य प्रकार तीन. जपानी घराण्याच्या गाड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या सुझुकी-टोयोटात, 45 अंशांचा डबल फ्लेअर असतो: तोंड बाहेर फुलवून पुन्हा आत दुमडलेलं, समोरून पाहिलं तर नरसाळ्यासारखं खोलगट. जर्मन घराण्यात, फोक्सवॅगन-स्कोडात, बबल फ्लेअर: बाहेरून फुगीर, आत दुमडलेला नाही. तिसरा 37 अंशांचा, विमानांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या जगातून आलेला. जाळीदार स्टीलच्या हौशी होजपाइपांना बहुधा हाच असतो. फुगीर तोंड खोलगटाच्या जागी बसवलं तर नट घट्ट होतो, हाताला सगळं ठीक लागतं, आणि पहिल्या जोरदार ब्रेकला ओल येते. ती कितीही आवळून जात नाही, कारण टेकायला हवं तिथं काही टेकतच नाही.

आट्यांचा घोळ याहून फसवा. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत नट 10 मिलिमीटरचा, 1 मिलिमीटर पिचचा (म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराचा) असतो. जुन्या अमेरिकी जीपच्या गोतावळ्यात तो तीन-अष्टमांश इंचाचा, इंचाला 24 आटे. तीन-अष्टमांश इंच म्हणजे 9.5 मिलिमीटर, पिच 1.06. म्हणजे हा इंची नट मेट्रिक भोकात चक्क जातो. जरासा सैल लागतो, दोन-तीन घेर फिरतो, मग अडकल्यासारखा होतो. फिरवणाऱ्याला वाटतं घट्ट झाला. प्रत्यक्षात आटे एकमेकांना चावत असतात. थोडा जोर आणखी लागला की मास्टर सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि शंभर रुपयांच्या पाइपापायी अख्खा सिलिंडर बदलावा लागतो. त्यावर कडी म्हणजे त्या 37 अंशांच्या बारीक फिटिंगचे आटेही तीन-अष्टमांश, 24चेच. आटे तेच, कोन वेगळा. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरायला हवा, पाना फक्त अखेरीला, ही जुन्या मेकॅनिकांची सवय याचसाठी. बोटांनी जात नसेल तर थांबायचं आणि पिच गेज लावून पाहायचं.

नटाचं टोकही पाहावं. डबल फ्लेअरच्या नटाला आटे टोकापर्यंत असतात, बबलच्या नटाचा शेंडा पुष्कळदा गुळगुळीत असतो. चुकीचा नट भोकाच्या तळाशी किंवा आटे संपतात तिथं आधीच अडतो आणि पाइपचं तोंड दाबलंच जात नाही. पाना म्हणतो घट्ट, पाइप हाताने हलतो. गळणाऱ्या जोडाशी पाइप हलतो का हे बघायला काही लागत नाही, आणि अर्धं निदान तिथंच होतं.

गाडीवरच पाइप बनवायचा झाला तर खरी कसोटी फ्लेअरची. नेहमीचा पाइप 4.75 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा, तांब्याचा थर दिलेली पोलादी पट्टी दोन वेढे गुंडाळून भट्टीत जोडलेला. तो हॅक्सॉने कापू नये. तोंड तिरकं येतं आणि आत कीस जातो. फिरत्या चाकाचा पाइप कटर घ्यावा, सावकाश, दर फेरीला किंचित आवळत. कापल्यावर आतली कड वळलेली असते, ती कोरून काढायची, बाहेरून कानशीने अगदी हलकी उतरती द्यायची आणि कीस हवेने उडवायचा. मग नट पाइपात घालायचा. हे सांगायची गरज नसावी, पण सुरेख फ्लेअर करून झाल्यावर हातात नट उरलेला माणूस प्रत्येक गॅरेजने पाहिलेला असतो.

मग पाइप डायमध्ये धरायचा. किती बाहेर ठेवायचा? साच्याच्या गुटक्याला जी पायरी असते तिच्या उंचीएवढा. त्याहून कमी ठेवला तर कड अपुरी दुमडते, जास्त ठेवला तर एका अंगाला कलते. गुटका दाबला की तोंड फुगतं. बबल हवा असेल तर इथंच थांबायचं. डबलसाठी गुटका काढून शंकूचं टोक दाबायचं, की फुगीर भाग आत दुमडून दुहेरी जाडीची कड तयार होते. या दुहेरीपणासाठीच एवढा खटाटोप: एकेरी फुलवलेली कड पातळ होते आणि असल्या पाइपात चिरते. शंकूला ब्रेक ऑइलचा एक थेंब लावला की धातू ओरबाडत नाही.

तयार फ्लेअर उजेडात धरून भिंगाने पाहावा. भोक मध्यावर आहे का, कड सगळीकडे सारख्या रुंदीची आहे का, काठावर केसासारखी चीर आहे का, डायच्या दातांचे वळ मागच्या उतारावर चढलेत का. यातलं एकही असेल तर तो कापून नवा करायचा. खराब फ्लेअर आवळून सुधारत नाही. हाताच्या स्वस्त अवजाराने पहिले चार-पाच फ्लेअर वायाच जातात असं धरून चालावं आणि तुकड्यावर सराव करूनच गाडीच्या पाइपाला हात लावावा.

पाइपाच्या धातूचाही यात वाटा आहे. साधं पोलाद फुलवायला ठीक, पण गंजतं; कोकणात खारं वारं लागलेल्या गाड्यांखाली क्लिपांच्या जागी पाइप पापुद्रे सुटलेले दिसतात. स्टेनलेस गंजत नाही, पण कडक असतं. त्याचं तोंड सीटच्या बारीकसारीक ओरखड्यांत दबून बसत नाही आणि स्वस्त अवजाराने ते नीट फुलतही नाही. नुसतं तांबं हाताला मऊ, म्हणून मोह होतो. पण थरथरीने ते कडक होऊन चिरतं, ब्रेकला ते लावू नये. मधला मार्ग म्हणजे कॉपर-निकेल, सुमारे 90 टक्के तांबं आणि 10 टक्के निकेल. व्हॉल्वोने 1970च्या दशकातच हे पाइप घेतले. हाताने वळतो, सहज फुलतो, गंजत नाही. घरी काम करणाऱ्याने माझ्या मते हाच घ्यावा.

फ्लेअर चांगला आहे, आटे बरोबर आहेत, तरी नवा जोड पहिल्या दाबाला किंचित ओलावला, तर एक रास्त उपाय आहे: नट अर्धा घेर सैल करून पुन्हा आवळायचा, असं दोन-तीनदा. तोंड सीटवर फिरून आपली जागा करून घेतं. यासाठी पाच बाजूंनी धरणारा फ्लेअर नटाचा पाना हवा. साधा फिक्स पाना नटाचे कोपरे गोल करतो, आणि गोल झालेला नट नीट आवळला जात नाही की सुटत नाही. लहान नटांना बहुतेक गाड्यांत 15 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळण पुरतं; नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. मनगटाचा जोर पुरेल एवढंच हे काम, पान्यावर पाइप चढवून लटकायचं नाही. जास्त आवळलेला फ्लेअर चपटा होतो, त्याची कड चिरते, आणि आजची ओल उद्याची धार होते.

चाकाकडच्या टोकाला गोष्ट निराळी. तिथं होजपाइपाचं डोळ्यासारखं टोक पोकळ बॅन्जो बोल्टने कॅलिपरवर दाबलेलं असतं आणि डोळ्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वायसर असतात. दोन्ही, म्हणजे एक बोल्टच्या डोक्याखाली आणि एक कॅलिपरकडे. एकाच बाजूला दोन घातलेले आढळतात. वायसर दबून अडवतो, आणि एकदा दबलेलं तांबं कडक होतं. जुना वायसर मंद लाल होईपर्यंत तापवून, थंड करून, काजळी पुसून पुन्हा वापरता येतो हे खरं, पण नवा काही रुपयांना मिळतो. इथल्या गळतीचं हल्ली एक हौशी कारण वाढलंय: कॅलिपरला दिलेला लाल रंग. वायसर टेकतो त्या गोल जागेवर रंग चढला की वायसर रंगावर बसतो, धातूवर नाही. ब्रेक तापले की रंग सरकतो आणि ओल येते. ती जागा खरवडून स्वच्छ, सपाट करावी. आणखी एक तपासावं: किटबरोबर आलेला बोल्ट लांब तर नाही? होज न लावता तो नुसता हाताने फिरवून किती आत जातो ते पाहिलं की कळतं. तळाला टेकला, तर वायसर दबणारच नाही.

जाळीदार होज घेणारे बहुधा पेडल टणक व्हावं म्हणून घेतात. आतली टेफ्लॉनची नळी रबरासारखी फुगत नाही, त्यामुळे थोडा फरक पडतो. रबरी होज पंधरा वर्षांचा असेल तर बराच. पण ही नळी पीळ सहन करत नाही. बसवताना एक टोक आवळताना दुसरं फिरलं तर होज पिळलेला राहतो, आणि चाक वळेल तसा त्याचा ताण जोडावर येतो. बसवून झाल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावं, चाक पूर्ण लोंबतं सोडून आणि पूर्ण चढवून पाहावं. गाडी उंच केली असेल, लिफ्ट किट लावलं असेल, तर हे विसरूच नये. अमेरिकेच्या ब्रेक होजच्या मानकात होजला 35 तास सलग झटके देत फिरवण्याची चाचणी आहे. हातांनी जोडायच्या फिटिंगपेक्षा कारखान्यात दाबून बसवलेल्या टोकांचा, कुठल्या तरी मानकाचा छाप असलेला होज घ्यावा तो यासाठी. हातजोडणीत जाळीची एकच तार आतल्या रिंगेखाली आली तरी गळती कायमची. गळती शोधताना रबरी होज पकडीने दाबतात तसा हा दाबू नये. एकदा मुडपलेली टेफ्लॉन नळी पूर्ववत होत नाही.

आता शोध कसा घ्यायचा. थेंब पडतो तिथं गळत असतं असं नाही. ऑइल पाइपाच्या अंगाने उतरत जातं आणि सगळ्यात खालच्या वळणावर टपकतं. म्हणून सुरुवात वरून, मास्टर सिलिंडरपासून. आधी सगळे जोड कोरडे करायचे. ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं, पाण्यात सहज विरघळतं. रंगावर सांडलं असेल तर पाण्यानेच लगेच धुवावं, नाहीतर रंग उठतो. जोडांना ब्रेक क्लीनर मारून हवेने सुकवावं. पेट्रोल-डिझेलने धुण्याची आपल्याकडे खोड आहे, ती इथं महागात पडते: ब्रेकच्या रबराला खनिज तेलाचा स्पर्शही सहन होत नाही, ते फुगतं. कोरड्या जोडांभोवती टिश्यू पेपरचा तुकडा गुंडाळायचा, इंजिन सुरू ठेवून दुसऱ्याला पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायला सांगायचं आणि कागद पाहायचे. टाल्कम पावडर भुरभुरली तरी चालते. ओल आली की पावडर काळवंडते. गाडी फक्त जॅकवर असेल तर खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे.

हे सगळं होऊनही फसवी ओल राहतेच. हवा काढताना निपलच्या पोकळ तोंडात, बॅन्जोच्या खाचेत ऑइल साठतं आणि गाडी फिरल्यावर बाहेर येतं. निपलमधून ऑइल फुंकून, धुऊन, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिल्याशिवाय नवा पाइप दोषी ठरवू नये.

उलट प्रकारही होतो: कागद सगळे कोरडे आणि पेडल मात्र पायाखाली हळूहळू बुडतंय. दोनतीनदा दाबलं की वर येत असेल आणि स्पंजासारखं लागत असेल तर आत हवा आहे, पुन्हा ब्लीडिंग करा, म्हणजे हवा काढा. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल तर पुष्कळ गाड्यांत ती स्कॅनर लावूनच निघते. पण एकाच दाबाखाली पेडल सावकाश खाली जात राहत असेल आणि बाहेर थेंबही नसेल, तर ऑइल मास्टर सिलिंडरच्या आत कपाला वळसा घालून परत जातंय. जुन्या गाडीत हे नेमकं नवे पाइप बसवल्यावरच उद्भवतं, आणि त्याचं कारण ब्लीडिंगच असतं. रोज पिस्टन अर्धाच सरकत असतो. पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथं गंज-मळ साठतो. हवा काढताना पेडल तळाला नेलं की कपाची धार त्या खरखरीत भागावरून घासली जाते. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ते अर्ध्यावर अडवतात. मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या मधली फटही पाहावी. तिथून गळलेलं ऑइल इंजिन ओढून घेतं, जमिनीवर येतच नाही, फक्त टाकी रिकामी होत जाते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. इंजिन सुरू करताना पेडल थोडं खाली जाणं मात्र दोष नव्हे, तो बूस्टर जागा झाल्याचा पुरावा.

ऑइल ताजं, बंद डब्यातलं भरावं. डॉट 3 कोरडं असताना 205 अंशांवर उकळतं आणि डॉट 4 230वर. ओलावा शोषल्यावर हेच आकडे 140 आणि 155वर येतात. सिलिकॉनचं डॉट 5 यांत मिसळायचं नाही, आणि एबीएसच्या गाडीत घालायचंच नाही.

शेवटी क्लिपा. नवा पाइप बसवला की जुन्या क्लिपा पुष्कळदा तुटलेल्या म्हणून टाकल्या जातात आणि पाइप हवेत लोंबतो. महिन्या-दोन महिन्यांनी, काही कारण नसताना, फ्लेअरच्या मानेशी बारीक चीर पडते आणि सगळे पुन्हा नट आवळायला लागतात. मास्टर सिलिंडरपाशी पाइपाला असलेले वेढे शोभेचे नसतात, इंजिन-बॉडीची थरथर ते पचवतात. ते सरळ करून पाइप आखूड करू नये. पाइप बॉडीला वा सायलेन्सरला घासत नाही हे पाहून जुन्या जागांवर नव्या क्लिपा लावाव्यात, मोकळ्या मैदानात हळू वेगावर चार-पाच जोरदार ब्रेक मारून घ्यावेत, आणि पहिल्या आठवड्यात टाकीवरच्या खुणेशी ऑइलची पातळी रोज एकदा ताडून पाहावी.